पिणाऱ्याला कारण देऊ नका : कथाकार, नाटककार, पटकथाकार आणि दिग्दर्शकांना खुले पत्र

कथा-कादंबऱ्या, नाटके आणि पटकथा लिहिणाऱ्या, तसेच त्या रंगमंचावर व पडद्यावर आणणाऱ्या सर्व मंडळींस,

सविनय नमस्कार.

मी समीक्षक नाही आणि डॉक्टरही नाही. ज्या घरात दारूने वीस वर्षे मुक्काम केला अशा घरात मी वाढले, आणि आता कित्येक वर्षे व्यसनी माणसांच्या नातेवाइकांच्या सभांना जाते. तिथे नव्याने येणाऱ्या बायकांशी, आईवडिलांशी आणि मुलांशी बोलते. वाचनाची आणि चित्रपटांची आवड मला लहानपणापासून आहे, किंबहुना घरातल्या गोंधळापासून दूर जायचे तर पुस्तकाखेरीज दुसरी जागा मला नव्हती. म्हणूनच एखाद्या कथेत दारू पिणारा माणूस आला की मी सावरून बसत असे. आता आपले घर दिसेल, असे वाटत असे. ते क्वचितच दिसले. का दिसले नाही, याचा मी बराच विचार केला आहे आणि तो आपल्यापुढे ठेवावा म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझी तक्रार मुख्यतः एकच आहे. आपल्या कथांत पिणाऱ्याला नेहमी कारण असते. प्रेयसीचे लग्न दुसऱ्याशी झालेले असते, भर सभेत अपमान झालेला असतो, धंदा बुडालेला असतो, मूल गेलेले असते. हे कारण आपण इतक्या हळुवारपणे रचता की नायक पहिला प्याला उचलतो तेव्हा प्रेक्षकाच्या तोंडून ‘बिचारा’ हाच शब्द निघावा. तिथून पुढे दारू ही दारू राहत नाही, ती दुःखाची खूण होते. जितकी जास्त पिईल तितके दुःख खोल, असा हिशेब प्रेक्षक आपोआप मांडू लागतो. मी जे पाहिले ते नेमके उलट होते. आधी व्यसन जडते आणि कारण मागाहून शोधले जाते, तेही रोज नव्याने.

माझ्या वडिलांची कारणे मी लहानपणी मनात जमवत असे. बढती मिळाली म्हणून ते प्याले आणि बढती नाकारली गेली म्हणूनही प्याले. मी वर्गात पहिली आले त्या दिवशी आनंद झाला म्हणून, गणितात नापास झाले त्या दिवशी काळजी वाटली म्हणून. आईने तर ही कारणे एकेक करून घरातून काढून टाकण्याचा सपाटा लावला होता. त्यांना गोंगाट सहन होत नाही म्हणून आम्ही हळू बोलायला शिकलो. पाहुण्यांमुळे ताण येतो म्हणून पाहुणे बंद झाले. पैशांचा विषय निघाला की त्यांचे बिनसते म्हणून तो विषय जेवणाच्या वेळी काढायचा नाही असे ठरले. शेवटी घर इतके शांत झाले की एका संध्याकाळी ते म्हणाले, या घरात कोणी माणसासारखे बोलतच नाही, म्हणून मला बाहेर जावे लागते. आईने सात-आठ वर्षे खपून कारणे संपवली होती आणि त्या संपण्याचेच कारण झाले होते.

माणसे दुःखात पीत नाहीत, असे मला म्हणायचे नाही. पितात. पण दुःख ज्यांच्या वाट्याला आले त्यांतली बहुतेक माणसे व्यसनी होत नाहीत आणि व्यसनी झालेल्या अनेकांच्या आयुष्यात सांगण्याजोगे दुःख आधी घडलेलेच नसते. जुळ्या भावंडांवर आणि दत्तक गेलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांवरून या आजाराची साधारण निम्मी जोखीम आनुवंशिक असते, असे तज्ज्ञ मानतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मद्यासक्ती हा वैद्यकीय उपचारांचा विषय असल्याचे मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०१९ मध्ये दारूमुळे जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू झाले आणि सुमारे ४० कोटी माणसे मद्यसेवनाशी निगडित विकारांसह जगत होती. या ४० कोटींत प्रेमभंग झालेले किती असतील? बहुतेकांची सुरुवात कुठल्याशा समारंभात, मित्रांच्या घरी, कुणाच्या तरी आग्रहाखातर झाली असणार. त्यात नाट्य नाही, हे मला कळते. पण नाट्य नाही म्हणूनच तो धोका कुणाला दिसत नाही आणि तो दाखवायला लेखकच हवा.

शरच्चंद्रांची ‘देवदास’ ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर हिंदीत १९३६ साली सैगल, १९५५ साली दिलीपकुमार आणि २००२ साली शाहरुख खान, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पिढीला तो माणूस तिच्या काळातल्या सर्वांत लाडक्या चेहऱ्यासह पुन्हा भेटला. या कृतींचे मोल मला कमी करायचे नाही. त्यांतल्या काहींनी मलाही रडवले आहे. पण आज आपल्या बोलण्यात ‘देवदास झाला’ हा वाक्प्रचार किती सहज येतो पाहा. त्यात थोडी थट्टा असते आणि बरेचसे कौतुकही असते. तो मोठ्या मनाचा माणूस, त्याला फार लागले, म्हणून तो असा झाला, हे सगळे त्या दोन शब्दांत येते. हे कौतुक पिणाऱ्याच्या फार कामी येते. आमच्या एका सभेत एका गृहस्थांनी सांगितलेली गोष्ट मी विसरू शकत नाही. तरुणपणी लग्न मोडल्यावर पहिली बाटली त्यांनी आरशासमोर बसून संपवली होती. दारूची चव त्यांना आवडली नव्हती, पण दुःखात पिताना आपण कसे दिसतो ते त्यांना पाहायचे होते. पुढची सव्वीस वर्षे त्यांनी प्यायली, आणि त्यांतल्या शेवटच्या वीस वर्षांत त्या मुलीची आठवणही कधी आली नाही, असे त्यांनीच सांगितले. आरशासमोरचा तो अर्धा तास पडद्यावर अनेकदा आला आहे. नंतरची वीस वर्षे मात्र मी फारशी पाहिलेली नाहीत.

दुसरी गोष्ट ‘पचवण्या’ची. नायक सगळ्यांपेक्षा जास्त पितो आणि तरी त्याची बोटे थरथरत नाहीत, जीभ अडखळत नाही, समोरचे गडी आडवे झाले तरी तो ताठ उभा असतो. हे मर्दपणाचे लक्षण म्हणून दाखवले जाते. प्रत्यक्षात ते आजाराचे पहिले लक्षण असू शकते. मेंदूला आणि यकृताला रोजच्या दारूची सवय झाली की तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागते. वैद्यकात याला सहनशीलता वाढणे म्हणतात आणि व्यसनाच्या निदानात ती विचारात घेतली जाते. मेजावर सर्वांत शेवटपर्यंत शुद्धीत राहणाऱ्या माणसाची खरे तर काळजी वाटायला हवी. माझ्या वडिलांचे मित्र त्यांच्याबद्दल ‘याला चढतच नाही’ असे अभिमानाने सांगत. मी बारा वर्षांची असताना मलाही त्याचा अभिमान वाटत असे. तो मला कोणी शिकवला, हे मी आज नेमके सांगू शकते, चित्रपटांनी शिकवला.

विनोदी दारुड्याबद्दल फार लिहीत नाही. व्हिस्कीच्या ब्रँडवरून ज्यांना पडद्यावरचे नाव मिळाले ते जॉनी वॉकर स्वतः दारू पीत नसत, असे त्यांच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. ती एका कसलेल्या नटाची कला होती आणि मीही तिला हसले आहे. आता हसू येत नाही, कारण तोल जाऊन दारात पडलेल्या माणसाला उचलून आत घ्यायला किती माणसे लागतात आणि ती उचलणारी मुले किती वर्षांची असतात, हे मला ठाऊक आहे.

आता ज्या घराबद्दल मी म्हणते ते थोडे जवळून दाखवते. रात्री साडेनऊनंतर आमच्या घरात सगळ्यांचे कान दाराकडे असत. अभ्यास चाललेला असे, भांडी घासली जात असत, रेडिओ लागलेला असे, पण खरे काम ऐकण्याचे होते. किल्ली कुलपाला लागल्याचा आवाज येई. ती पहिल्याच प्रयत्नात आत गेली तर आई स्वयंपाकघरातून पान वाढायला घेई. किल्ली कुलपाच्या पत्र्यावर एकदा घासली, दुसऱ्यांदा घासली, तर आई रेडिओ बंद करी. तिसऱ्यांदा घासली तर धाकट्या भावाला झोपेचे सोंग घ्यायला सांगायचे, ते काम माझे होते. दार उघडेपर्यंत आमच्या प्रत्येकाचा रात्रीचा बेत ठरलेला असे. कुणी ओरडलेले नसे, कुणी कुणाला मारलेले नसे, काहीही घडलेले नसे. पुष्कळ रात्री पुढेही काहीच घडत नसे. ते येऊन झोपून जात. तरीही त्या रात्री झालेल्याच असत. आपल्या पटकथांमध्ये मारहाणीचे प्रसंग असतात आणि ते खरेच असतात, पण न घडलेल्या मारहाणीची वाट पाहत काढलेल्या रात्रींची संख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी असते. अशा घरातले मूल पडद्यावर दाराआड रडताना दिसते. खरे मूल बहुधा रडत नाही. ते शहाणे होते, वेळेवर उठते, आईला धीर देते, शाळेत कुणाला काही कळू देत नाही, आणि पुढे आयुष्यभर समोरच्याच्या आवाजाची पट्टी मोजत राहते.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. रात्री त्यांनी बोललेले भयंकर शब्द आम्हा सगळ्यांना पाठ असत आणि त्यांना ते खरोखरच आठवत नसत. तो बहाणा आहे, असे आम्ही समजत होतो. फार पुढे मला कळले की रक्तातले दारूचे प्रमाण एकदम वाढले की मेंदूत नवी आठवण उमटणेच थांबते. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण त्याची नोंद होत नाही. चित्रपटात ही विस्मृती रहस्यकथेच्या सोयीसाठी वापरली जाते, कुणाचा खून झाला हे नायकाला आठवत नाही वगैरे. घरात तिचा अर्थ वेगळा होतो. एकाच रात्रीचे चार साक्षीदार असतात आणि ज्याने क्षमा मागायला हवी तो त्या रात्री हजरच नसतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनही बशीवर वाजत असलेला, आणि पलीकडे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ‘सगळे इतके गप्प का’ हा प्रामाणिक प्रश्न. हा प्रसंग कोणी लिहिला तर मी त्याची ऋणी राहीन.

मराठी रंगभूमीवर हे घर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी येऊन गेले आहे, हेही सांगायला हवे. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगमंचावर आले. तिथेही कारण आहेच. वकिलीच्या सनदेच्या प्रकरणात नायक सुधाकराचा अपमान होतो आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पण गडकरी कारणापाशी थांबले नाहीत. ते घरात गेले. सुधाकराची पत्नी सिंधू संसार कसा ओढते, माहेरच्या माणसांपासून काय लपवते, हे त्यांनी पाहिले. मरणाच्या दारात असतानाही फौजदारापुढे ती नवऱ्याचा गुन्हा झाकते. प्रेक्षक तिथे तिच्या पातिव्रत्याला वंदन करतात. मला मात्र तो प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो, कारण तसले खोटे मी दहाव्या वर्षापासून बोलत आले होते. ‘बाबांना बरे नाही’, ‘बाबा आंघोळीला गेलेत’, ‘पाय घसरला म्हणून लागले’. झाकणे हा या आजाराचा अर्धा संसार आहे. गडकऱ्यांनी तो अचूक टिपला. आपण मात्र पुढची शंभर वर्षे त्याला त्याग म्हणत राहिलो आणि कित्येक बायकांना सिंधूचा दाखला देत घरी परत पाठवले. सहन करणाऱ्या पत्नीच्या सोशिकपणाने नवऱ्याचे मन पालटते, असा शेवट ज्या ज्या कथेत आहे, त्या कथेने कुठल्या ना कुठल्या घरात एखादीला आणखी पाच वर्षे गप्प बसवले असेल, असे मला वाटते. नातेवाइकांच्या सभेत आम्ही नव्या बाईला सर्वांत आधी सांगतो ते हे की, त्यांची दारू तुमच्यामुळे लागलेली नाही आणि तुमच्यामुळे सुटणारही नाही. ते ऐकून बहुतेकजणी रडतात. इतकी साधी गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितलेली नसते.

आता ज्या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याकडे येते, कारण ती जिवावर बेतणारी आहे. नायक दारू सोडायचे ठरवतो. तो स्वतःला खोलीत कोंडून घेतो, बाहेरून कडी लावायला सांगतो. रात्रभर तडफडतो, घामाघूम होतो, दारावर मुठी आपटतो. बाहेर पत्नी किंवा आई कानांवर हात ठेवून बसलेली असते, पण दार उघडत नाही. सकाळ होते, तो दाढी करून, धुतलेले कपडे घालून बाहेर येतो. संकल्पाचा विजय झालेला असतो. हा प्रसंग मी वेगवेगळ्या रूपांत इतक्या वेळा पाहिला आहे की लोकांना ती उपचाराची पद्धतच वाटते. ती पद्धत नव्हे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली की शेवटच्या प्याल्यानंतर साधारण ६ ते ८ तासांत हातांना कंप सुटतो, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम, भास, तीव्र ताप आणि हृदयाचे अनियमित ठोके असलेली अवस्था येते. उपचार झाले नाहीत तर तीत माणूस दगावू शकतो. डॉक्टर या काळात मेंदू शांत ठेवणारी औषधे देतात व ती हळूहळू कमी करतात, ब१ जीवनसत्त्व देतात, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहतात. म्हणजे ज्या रात्री आपला नायक बंद दाराआड असतो, त्या रात्री त्याने रुग्णालयात असायला हवे. आपण कडी लावलेली दाखवता आणि कुठल्यातरी घरात कुणीतरी प्रेमापोटी तशीच कडी लावते. आमच्या सभेतल्या एका आईने ती लावली होती. तिच्या मुलाला फिट आली तेव्हा आतला आरडाओरडा थांबला आणि तिला वाटले, आता तो शांत झोपला. शेजाऱ्यांमुळे तो वाचला. ती आजही सांगते, ‘सिनेमात असंच करतात ना?’

आजारपणाचे चित्रही असेच उसने असते. पडद्यावरचा मद्यपी खोकतो आणि रुमालावर रक्ताचा एक लाल ठिपका उमटतो. हे जुन्या कथांमधल्या क्षयाचे मरण आहे, दारूचे नव्हे. यकृत बराच काळ दुखत नाही, हीच त्यातली मोठी फसवणूक आहे. सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होण्यापर्यंत, मजल गेली की डोळे पिवळे होतात, पोटात पाणी साठून ते ताणले जाते, हातपाय मात्र काटकीसारखे होतात. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या तर रुमालावर ठिपका पडत नाही, बादली भरते. त्याहून कठीण म्हणजे माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, ओळखीच्या खोलीत वाट चुकतो, सहीचे अक्षर बिघडते, कारण यकृताने गाळायची विषद्रव्ये मेंदूपर्यंत जाऊ लागतात. हे मरण काव्यमय नाही. ते दाखवाच, असा माझा आग्रह नाही. पण दुसऱ्या आजाराचे देखणे मरण याला चिकटवू नका, एवढीच विनंती आहे.

पिणाऱ्या स्त्रीबद्दल तर कथांनी विशेष कठोरपणा केला आहे. तिच्या हातातला प्याला म्हणजे तिचे चारित्र्य, इतकेच बहुतेक ठिकाणी कळते. १९६२ सालच्या ‘साहिब बीबी और गुलाम’मधली छोटी बहू नवऱ्याला घरात थांबवण्यासाठी पिऊ लागते आणि मग नवरा राहतो बाजूला, दारू तेवढी उरते, कारण गळून पडले तरी व्यसन थांबत नाही, हे त्या चित्रपटाला कळले होते. ती भूमिका करणाऱ्या मीनाकुमारी १९७२ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, यकृताच्या सिऱ्होसिसने गेल्या. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातली मात्रा जास्त चढते आणि यकृताची हानीही लवकर होते. असे असूनही उपचारांना ती उशिरा येते. ज्या लाजेपोटी तिला उशीर होतो, त्या लाजेत आपल्या खलनायिकांचाही वाटा आहे.

हे खरेपणाने दाखवता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. बिली वाइल्डरचा ‘द लॉस्ट वीकएंड’ १९४५ सालचा आहे. त्याच्या सुरुवातीलाच खिडकीबाहेर दोरीला टांगलेली बाटली दिसते. हा माणूस कोण आहे, हे कुणी बोलण्याआधीच आपल्याला कळते. ती दोरी पाहिल्यावर मी चित्रपट थांबवला होता. आमच्याकडे ती जागा पाण्याच्या टाकीमागे होती. ब्लेक एडवर्ड्सच्या १९६२ सालच्या ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’मध्ये दारूला न शिवणाऱ्या तरुणीला तिचा होणारा नवराच प्रेमाने पहिला प्याला देतो, पुढे तो सावरतो आणि ती सावरत नाही, आणि आपण पुन्हा बुडू नये म्हणून तिला जाऊ देण्याखेरीज त्याच्यापाशी काही उरत नाही. मोठे दुःख नाही, सूडही नाही. एक लाडिक आग्रह, आणि त्यातून सगळे झाले. साठ वर्षांपूर्वी व्यावसायिक चित्रपटाने एवढे धाडस केले आणि लोकांनी तो पाहिला.

दारू सुटण्याबद्दलही बोलायला हवे, कारण आपल्या कथा तिथे पोहोचतात तेव्हा घाईत असतात. बाटली फुटते, संगीत वाढते, कथा संपते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली, आणि तिचे सदस्य आजही जन्मभराची शपथ घेत नाहीत, ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात. हे सांगणे साधे वाटते, पण त्यामागे अनुभव आहे. जन्मभराच्या शपथा त्यांनी घरोघरी घेऊन झालेल्या असतात. पुन्हा घसरणे या आजारात वारंवार होते. कथेत मात्र तो विश्वासघात ठरतो आणि तिथून नायक थेट मरणाकडे किंवा खलनायकीकडे जातो. खऱ्या आयुष्यात तो मंगळवारी घसरतो आणि शुक्रवारी मान खाली घालून पुन्हा सभेला येतो, आणि कुणी त्याला काही बोलत नाही, फक्त खुर्ची पुढे सरकवतात. माझे वडील तीनदा घसरले. चौथ्यांदा टिकले आणि पुढची अकरा वर्षे, मृत्यूपर्यंत, प्याले नाहीत.

त्या अकरा वर्षांवर कुणी कथा लिहिलेली मला सापडलेली नाही. पहिल्या वर्षी घर आनंदी असेल, असे आपल्याला वाटेल. ते अवघडलेले होते. किल्ली पहिल्याच प्रयत्नात कुलपात जात होती, तरी आई दाराशी जाऊन उगीच त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेई, म्हणजे जवळून श्वास येई. त्यांना ते कळे आणि राग येई. राग आला की आम्हाला भीती वाटे की आता पितील. ती भीती त्यांना आमच्या चेहऱ्यांवर दिसे. वीस वर्षे सगळे निर्णय आईने घेतले होते आणि आता ते मत मांडू लागले, तेव्हा खरी भांडणे सुरू झाली. मी रागावले होते, पण कुणावर रागवायचे ते कळत नव्हते, कारण ज्याच्यावर रागवायचे तो माणूस दिसायला तोच असला तरी आता माझ्यासाठी छत्री घेऊन बसथांब्यावर उभा राहत होता. हे सारे दारू सुटल्यानंतरचे आहे. कथेच्या दृष्टीने ते सर्वांत समृद्ध आहे, आणि आपण नेमके तिथे पडदा टाकता.

मी बंदी मागत नाही, हे स्पष्ट करते. उपदेश करणारी पात्रेही मला नको आहेत आणि पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या इशाऱ्याच्या ओळीने काही साधते, असे मला फारसे वाटत नाही. ती ओळ खाली असते आणि वर सगळा मोह चाललेला असतो. आपल्या पात्रांनी प्यावे, खुशाल प्यावे. लिहिताना एवढेच करावे की, त्याने पहिला प्याला का उचलला याचे उत्तर सापडले म्हणून थांबू नये, तीनशेवा का उचलला तेही स्वतःला विचारावे. कॅमेरा दरवेळी प्याल्याशेजारी न ठेवता कधीतरी कुलपाच्या आतल्या बाजूला ठेवावा. दारू सोडण्याचा प्रसंग असेल तर तो डॉक्टरांना एकदा वाचायला द्यावा. कायद्याच्या कचेरीतल्या प्रसंगासाठी आपण वकिलाला विचारताच.

आणि एक आमंत्रण. मद्यमुक्तीसाठी होणाऱ्या सभांपैकी काही खुल्या असतात. तिथे बाहेरच्या माणसालाही येऊन बसता येते. १९५१ पासून अल-अॅनॉन या नावाने नातेवाइकांच्या वेगळ्या सभाही होत आल्या आहेत. खुल्या सभेला एकदा या. वही आणू नका आणि तिथला माणूस उचलून कथेत घालू नका, कारण तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते. पण ती माणसे कशी बोलतात ते ऐका. ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ हसतात, आणि कारण कुणीच सांगत नाही. पुढे जागा असेल तरी मागच्या ओळीत बसा. बायका आणि मुले तिथे बसलेली असतात.

आपली,
एक वाचक आणि प्रेक्षक